जीन आर्थर: हजेरीपटावरची नायिका

हॉलिवूडच्या १९३०च्या दशकातल्या विनोदी प्रेमपटांची नायिका म्हटलं की आधी आठवते ती श्रीमंत घरची लाडावलेली लेक. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४)मधली क्लॉडेट कोल्बेर बापाच्या बोटीवरून पाण्यात उडी मारून पळते. ‘माय मॅन गॉडफ्री’ (१९३६)मधली कॅरोल लोम्बार्ड मेजवानीतल्या एका खेळापायी उकिरड्यावरच्या बेघर माणसाला उचलून आणते. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८)मधली कॅथरिन हेपबर्न बिबट्या घेऊन फिरते. या तिघी कितीही मोहक असल्या, तरी महिन्याचं भाडं कुठून भरायचं हा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही.

जीन आर्थरच्या नायिकेला तो पडतो. ती वार्ताहर असते, सिनेटरची सेक्रेटरी असते, बुटांच्या विभागातली विक्रेती असते, सरकारी कचेरीतली नोकरदार असते. एकदा तर थेट अमेरिकी काँग्रेसची सदस्य असते. तिचं नाव कुठल्या ना कुठल्या हजेरीपटावर आहे. तिचे सर्वांत चांगले चित्रपट कोणते, या प्रश्नाचं उत्तर मला याच धाग्याने सापडतं. नोकरीत टक्केटोणपे खाल्लेली, माणसं पारखायला शिकलेली ही बाई प्रेमात पडते तेव्हा तिला आधी आपलं मत बदलावं लागतं. समोरच्या माणसाबद्दल केलेला हिशेब चुकला, हे तिला हळूहळू उमगत जातं. तिच्या ज्या चित्रपटांत या उमगण्याला पुरेसा वेळ मिळाला, ते आजही ताजे आहेत. जिथे तो मिळाला नाही, तिथे ती नुसतीच गोड वाटते.

नोकरदार नायिका ही काही तिची एकटीची मिरास नव्हती. ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०)मध्ये रोझलिंड रसेलने रंगवलेली वार्ताहर तर या प्रकारातली सर्वांत तरबेज बाई म्हणावी लागेल. पण रसेलची गंमत तिच्या वेगात आहे. तिला सगळं आधीच कळलेलं असतं. आर्थरची गंमत तिला कळत जाण्यात आहे.

बारा वर्षांची उमेदवारी

तिचं मूळ नाव ग्लॅडिस जॉर्जियाना ग्रीन. जन्म १९००चा, न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गचा. १९२३मध्ये जॉन फोर्डच्या ‘कॅमिओ कर्बी’ या मूकपटात ती पहिल्यांदा दिसली. पुढची काही वर्षं स्वस्तातल्या वेस्टर्नपटांत आणि किरकोळ विनोदी चित्रपटांत गेली. बोलपट आल्यावर पॅरामाउंटने तिला रहस्यपटांत वगैरे वापरलं, पण तिचं काय करायचं हे तिथे कुणालाच सुचलं नाही. सोज्वळ, सुंदर, नायकाच्या मागे उभी राहणारी मुलगी, एवढंच तिच्या वाट्याला आलं. अखेर ती न्यूयॉर्कला परतली आणि रंगभूमीवर काम करू लागली. तिथल्या अनुभवाने तिला आत्मविश्वास दिला आणि १९३४च्या सुमारास ती कोलंबिया स्टुडिओत आली, ती एक वेगळी नटी होऊन.

तिचा आवाज हा तिच्या कारकिर्दीतला मोठा योगायोग. घोगरा, मध्येच चिरकणारा, वाक्य संपता संपता एकदम वर चढणारा. मूकपटांत या आवाजाचा उपयोग नव्हता आणि सुरुवातीच्या बोलपटांत त्याला साजेशी भूमिका नव्हती. या आवाजात व्यवहारी कडकपणा आणि लपवता न येणारी हळवी बाजू एकाच वाक्यात ऐकू येते. ती कुणाला झापत असते तेव्हाही आवाज फुटतो आणि तिचं मन कुठे आहे ते आपल्याला कळून जातं.

तो आवाज पहिल्यांदा नीट वापरला तो पुन्हा जॉन फोर्डनेच. ‘द होल टाउन्स टॉकिंग’ (१९३५)मध्ये एडवर्ड जी. रॉबिन्सन दुहेरी भूमिकेत आहे: एक भित्रा कारकून, दुसरा हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा गुंड. आर्थर त्याच कचेरीतली मिस क्लार्क. ती उशिरा येते, नोकरी गमावते आणि त्याचं तिला फारसं काही वाटत नाही. भूमिका लहान आहे, पण पुढच्या सगळ्या नायिकांची बीजं तिच्यात आहेत.

कॅप्राबरोबरचे तीन चित्रपट

फ्रँक कॅप्राच्या ‘मिस्टर डीड्स गोज टू टाउन’ (१९३६)ने तिला तारका केलं. खरं तर ही भूमिका कॅरोल लोम्बार्ड करणार होती. ती ऐन वेळी ‘माय मॅन गॉडफ्री’कडे गेली आणि जागा रिकामी झाली. व्हरमॉन्टमधल्या मँड्रेक फॉल्स नावाच्या गावात शुभेच्छापत्रांसाठी कविता लिहिणारा आणि ट्यूबा वाजवणारा लाँगफेलो डीड्स (गॅरी कूपर) याला अचानक दोन कोटी डॉलरचा वारसा मिळतो. बेब बेनेट ही वार्ताहर त्याची बातमी काढण्यासाठी रस्त्यावर भोवळ आल्याचं नाटक करते, बेकार मुलगी म्हणून त्याच्याशी ओळख वाढवते आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याची टर उडवते. बक्षीस म्हणून संपादकाने तिला महिनाभराची भरपगारी रजा कबूल केलेली आहे.

महिनाभराच्या भरपगारी रजेसाठी ती एका सरळ माणसाची बेअब्रू करायला निघते. मंदीच्या काळातल्या प्रेक्षकाला हा सौदा नीट समजत होता, म्हणूनच तो तिचा रागराग करत नाही. पुढे डीड्स रात्री तिच्या दारात उभा राहून तिच्यासाठी लिहिलेली कविता तिच्या हातात ठेवतो. ती वाचू लागते. आधी आवाजात उत्सुकता आहे, मग अवघडलेपण, आणि शेवटच्या ओळींपर्यंत ती रडवेली झालेली असते. कूपर लाजून पळत सुटतो आणि कचऱ्याच्या डब्यांवर धडपडतो. त्याच्या धडपडण्यावर आपण हसतो, पण प्रसंग तोलून धरलाय तो वाचणाऱ्या बाईने. आपण या माणसाचं काय केलं, हे तिला नेमकं त्या क्षणी उमगतं.

‘यू कान्ट टेक इट विथ यू’ (१९३८)ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तरी आर्थरच्या दृष्टीने तो कॅप्राबरोबरच्या तिघांतला सर्वांत सपक. यातली ॲलिस एका बँकेत सेक्रेटरी आहे आणि मालकाच्या मुलावर (जेम्स स्ट्युअर्ट) तिचं प्रेम आहे. पण विक्षिप्त कुटुंबाच्या गोंगाटात तिच्या नोकरीला काही अर्थच उरत नाही. तिला मत बदलावं लागत नाही. मतं बदलतात ती सासरच्यांची.

‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (१९३९) हा स्ट्युअर्टचा चित्रपट म्हणून ओळखला जातो, पण श्रेयनामावलीत पहिलं नाव जीन आर्थरचं आहे आणि ते योग्यच आहे. सॉन्डर्स ही सेक्रेटरी सिनेटच्या कामकाजात मुरलेली आहे, तिथल्या भ्रष्टाचाराला विटलेली आहे. भोळा जेफ स्मिथ विधेयक मांडायचं म्हणतो तेव्हा ती त्याला विधेयकाचा कायदा होईपर्यंतचे सगळे टप्पे ऐकवते. हा माहितीचा रुक्ष प्रसंग होऊ शकला असता. त्यातलं नाट्य असं की ती जेफला पद्धत शिकवते आणि तो तिला, आपण कधीकाळी या शहरात का आलो होतो, याची आठवण करून देतो. शेवटच्या भागात तो सिनेटच्या पटलावर तासन् तास बोलत राहतो आणि ती प्रेक्षक सज्जातून त्याला खाणाखुणांनी नियम सुचवते. या चित्रपटातलं प्रेम स्पर्शाशिवाय, निव्वळ कामातल्या भागीदारीतून उभं राहतं.

आभाळातून पडलेला कोट

कॅप्राच्या चित्रपटांत उपदेशाची एक पट्टी कायम असते. तिचा मागमूस नसलेली जीन आर्थर पाहायची तर मिचेल लाइसनचा ‘ईझी लिव्हिंग’ (१९३७) पाहावा. पटकथा प्रेस्टन स्टर्जेसची. बायकोच्या उधळपट्टीला वैतागलेला एक बँकर (एडवर्ड आर्नल्ड) तिचा अठ्ठावन्न हजार डॉलरचा सेबल कोट गच्चीवरून भिरकावून देतो. तो कोट पडतो उघड्या दुमजली बसवर बसलेल्या मेरी स्मिथच्या डोक्यावर. टोपीचं पीस मोडतं. ती रागाने मागे वळते. मागच्या बाकावर फेटेवाला एक हिंदी गृहस्थ वाचत बसला आहे. तो एवढंच म्हणतो: “किस्मत.” एका शब्दात सगळ्या चित्रपटाची कळ फिरवली जाते.

पुढे सगळं त्या कोटामुळे घडतं. एवढा महागडा कोट घालून आली म्हणजे ही कुणाची तरी ठेवलेली बाई असणार, असं समजून मुलांच्या मासिकातली तिची नोकरी जाते. त्याच गैरसमजापोटी एक हॉटेलवाला तिला आलिशान खोल्या देतो. खिशात दमडी नाही आणि दारात सगळे सलाम करतायत. स्टर्जेसने मंदीच्या दिवसांतल्या पतव्यवहाराची खरी गंमत इथे पकडली आहे. पैसा असण्यापेक्षा तो असल्याची वदंता अधिक चालते, इतकी की मेरीच्या एका वाक्याने शेअर बाजार हलतो.

यातला ऑटोमॅटचा प्रसंग फार गाजला. ऑटोमॅट म्हणजे भिंतीतल्या काचेच्या छोट्या दारांत नाणं टाकून पदार्थ घ्यायची न्यूयॉर्कमधली खाणावळ. तिथे काम करणारा पोऱ्या (रे मिलँड) भुकेल्या मेरीला गुपचूप फुकट खायला देतो, पकडला जातो, झटापट होते आणि सगळी दारं एकदम उघडतात. रस्त्यावरची गर्दी आत घुसते, ताटं उडतात, माणसं घसरतात. या दंगलीत मेरी शांतपणे आपलं जेवण जेवत असते. तिचं लक्ष विचलित होत नाही, कारण तिला खरंच भूक लागलेली आहे. ती विनोदासाठी म्हणून काहीही वेगळं करत नाही, आणि ही गोष्ट तिच्या बहुतेक सगळ्या भूमिकांना लागू पडते.

त्याच वर्षीचा फ्रँक बोर्झेगीचा ‘हिस्टरी इज मेड ॲट नाइट’ हा माझ्या मुद्द्याला अपवाद. यात ती एका मत्सरी जहाजमालकाची बायको आहे, कमावती नाही. तरी पॅरिसमधल्या रिकाम्या रेस्टॉरंटमध्ये मुख्य वेटर झालेल्या शार्ल बोयेबरोबर ती अनवाणी टँगो नाचते, तेव्हा ती निव्वळ प्रणयनायिका म्हणूनही किती उंच जाऊ शकत होती ते दिसतं. उलट हॉवर्ड हॉक्सच्या ‘ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज’ (१९३९)मध्ये वैमानिकांच्या जगात आलेली बॉनी थोडी उपरी वाटते. चित्रपट थोर आहे, पण हॉक्सला हवी होती तशी थंड डोळ्यांची, बेफिकीर स्त्री हा तिचा पिंडच नव्हता.

बुटांचा विभाग आणि अर्धं घर

१९४१चा ‘द डेव्हिल अँड मिस जोन्स’ आज फारसा कुणी पाहत नाही याचं मला फार वाईट वाटतं. सॅम वूड दिग्दर्शक, नॉर्मन क्रॅस्ना पटकथाकार, आणि निर्माता आर्थरचा तेव्हाचा नवरा फ्रँक रॉस. एका डिपार्टमेंट स्टोअरचा गडगंज मालक (चार्ल्स कोबर्न) युनियनवाल्यांना हुडकण्यासाठी स्वतःच्याच दुकानात बुटांच्या विभागात नोकर म्हणून राहतो. मेरी जोन्स तिथली विक्रेती. नवा म्हातारा उपाशी असेल असं वाटून ती त्याच्या जेवणासाठी त्याला पन्नास सेंट देते. मालकाला आयुष्यात कुणी असे पैसे दिलेले नाहीत. पुढे तो हेर असल्याचा संशय आल्यावर तीच मेरी कोठारात, हातात जड बूट घेऊन, त्याच्या डोक्यात घालायला त्याच्यामागे दबकत उभी राहते. मारायचं ठरलंय पण हात धजत नाही, हे तिने एका शब्दाविना केलं आहे. हॉलिवूडच्या विनोदी चित्रपटाने कामगार संघटनेची बाजू एवढ्या आपुलकीने घेतल्याची उदाहरणं थोडीच आहेत, आणि ही आपुलकी भाषणांतून नाही, मेरीच्या वागण्यातून येते.

जॉर्ज स्टीव्हन्सचा ‘द टॉक ऑफ द टाउन’ (१९४२) तिला दोन नायकांमध्ये उभं करतो: कायद्याचा प्राध्यापक (रोनाल्ड कोलमन) आणि माळ्यावर लपलेला फरारी (कॅरी ग्रँट). वर्तमानपत्रातला फरारीचा फोटो प्राध्यापकाला दिसू नये म्हणून ती त्यावर अंडं पाडते, तेव्हा हसू आवरत नाही. पण कायदा मोठा की न्याय, हा वाद दोन पुरुषांचा आहे आणि ती बराच वेळ धावपळच करत राहते. म्हणून तो चांगला असला तरी पहिल्या रांगेतला नाही.

पहिल्या रांगेतलाही पहिला म्हणजे स्टीव्हन्सचाच ‘द मोअर द मेरिअर’ (१९४३). युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये नोकरदारांची झुंबड उडाली होती आणि राहायला जागा नव्हती. कॉनी मिलिगन ही सरकारी नोकर देशसेवा म्हणून आपलं अर्धं घर भाड्याने देते. तिला बाई हवी असते, पण डिंगल (कोबर्न) हा म्हातारा लाघवीपणे घुसतो आणि आपल्या अर्ध्यातलं अर्धं सार्जंट जो कार्टर (जोएल मॅक्री) याला देतो. पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू. कॉनीने सकाळचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आखलेलं आहे: कोण कधी उठणार, न्हाणीघर कोणाचं कधी, कॉफी कधी. त्या वेळापत्रकाची डिंगलने केलेली वाताहत ही शुद्ध शारीरिक विनोदाची मेजवानी आहे.

पण चित्रपटाचा प्राण आहे तो घराच्या पायऱ्यांवरचा प्रसंग. रात्र आहे, जो आणि कॉनी चालत घरी येतायत. तिचं लग्न पेन्डरगास्ट नावाच्या एका रटाळ वरिष्ठ अधिकाऱ्याशी ठरलेलं आहे. ती बोलत असते त्या भावी नवऱ्याबद्दल: तो किती स्थिर, किती भरवशाचा, त्याची मिळकत किती. जोचा हात तिच्या खांद्यावर येतो, ती तो अलगद बाजूला करते, वाक्य पुढे चालू. हात कमरेशी येतो, पुन्हा तेच. दोघं पायरीवर बसतात. त्याची बोटं मानेवर फिरतात आणि पहिल्यांदा तिचं वाक्य अडखळतं. ती शब्द शोधते, भलताच शब्द सापडतो, आवाज खाली उतरतो. पेन्डरगास्टची स्तुती चालूच आहे, पण तिचाच आता तिच्यावर विश्वास राहिलेला नाही. मग ती स्वतःच जोचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याचं चुंबन घेते, आणि लगेच उठून औपचारिकपणे त्याचा निरोप घेते.

१९३४पासून हॉलिवूडवर प्रॉडक्शन कोड या नीतिनियमावलीची सक्त नजर होती. त्या चौकटीत स्त्रीची वासना इतक्या उघडपणे आणि इतक्या अदबीने क्वचितच दाखवली गेली असेल. एकही शब्द आक्षेपार्ह नाही. सगळं घडतं ते तोंडचे शब्द आणि चेहरा यांच्यात वाढत जाणाऱ्या अंतरात. डोक्याने मांडलेला हिशेब एकीकडे, मन भलतीकडे, आणि दोन्ही एकाच क्लोज-अपमध्ये. बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी तिने हे काम केलं. अभिनयाचं तिचं एकमेव ऑस्कर नामांकन याच चित्रपटासाठी आहे. कोबर्नला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, तिला नाही. स्टीव्हन्स यानंतर लष्कराच्या चित्रीकरण पथकाबरोबर युरोपात गेला, डाखाउची छळछावणी त्याने चित्रित केली आणि पुन्हा विनोदी चित्रपट केला नाही. त्यामुळे एका संपूर्ण शैलीचा हा निरोपाचा चित्रपट ठरला.

बर्लिनमधली शेवटची फेरी

पुढची काही वर्षं ती जवळपास पडद्याआड होती. कॅमेऱ्यासमोर जायची तिला प्रचंड धास्ती वाटे. कॅप्राने आत्मचरित्रात लिहिलं आहे की प्रसंगाआधी तिचा जीव घाबराघुबरा होई आणि कॅमेरा सुरू झाला की ती सगळी भीती कुठल्या कुठे जाई. ‘बॉर्न यस्टर्डे’ या नाटकातून ती ब्रॉडवेवर येण्याआधीच बाहेर पडली. त्या भूमिकेने जुडी हॉलिडे नावारूपाला आली.

बिली वाइल्डरने तिला परत आणलं ‘अ फॉरेन अफेअर’ (१९४८)साठी. बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेलं बर्लिन, तिथल्या अमेरिकी सैनिकांची नीतिमत्ता तपासायला आलेली आयोवाची काँग्रेस सदस्य फीबी फ्रॉस्ट, आणि समोर मार्लेने डीट्रिश. फीबीचे केस घट्ट बांधलेले, चष्मा, हातात टिपणवही. त्या सैनिकांतलाच एक, कॅप्टन प्रिंगल, तिला फायलींच्या कपाटांच्या खोलीत गाठतो. ती मागे सरते, तो एकेक खण ओढून तिची वाट अडवत जातो, आणि ती स्वतःला सावरण्यासाठी शाळेत पाठ केलेली कविता घडाघडा म्हणू लागते. पायऱ्यांवरच्या प्रसंगाचं हे हास्यरूप आहे. तिथेही शब्दांची ढाल, इथेही. फरक एवढाच की इथला पुरुष तिला फसवतोय आणि आपल्याला ते ठाऊक आहे. म्हणून पुढे तिला सत्य कळतं तेव्हा तिचा चेहरा पाहवत नाही. वाइल्डरने डीट्रिशला सगळी गाणी, सगळा झगमगाट दिला. आर्थरला दिली ती मानहानी. त्या मानहानीतूनही तिने फीबीचा मान राखला.

यानंतर तिने एकच चित्रपट केला, स्टीव्हन्सचा ‘शेन’ (१९५३). तो वेस्टर्नपट असल्याने या आढाव्यात बसत नाही. पुढे तिने अभिनय शिकवला, थोडं दूरचित्रवाणीवर काम केलं आणि प्रसिद्धीपासून लांब कॅलिफोर्नियातल्या कार्मेलमध्ये राहून १९९१मध्ये जगाचा निरोप घेतला.

मग निवड कोणती?

माझी क्रमवारी अशी: ‘द मोअर द मेरिअर’, ‘ईझी लिव्हिंग’, ‘मिस्टर डीड्स’, ‘द डेव्हिल अँड मिस जोन्स’, ‘अ फॉरेन अफेअर’. ‘मिस्टर स्मिथ’ चित्रपट म्हणून यांतल्या काहींहून मोठा असेल, पण त्याचा उत्तरार्ध स्ट्युअर्टचा आहे. नव्याने पाहणाऱ्याने सुरुवात ‘ईझी लिव्हिंग’पासून करावी, कारण त्यात तिच्याशी चटकन मैत्री होते. ‘मोअर द मेरिअर’ त्यानंतर पाहावा, म्हणजे पायऱ्यांवर तिचा आवाज का अडखळतो ते आपोआप कळतं.

लोम्बार्डचं अकाली मरण, हेपबर्नचा करारी दबदबा, डीट्रिशचं गूढ, असं आख्यायिका व्हायला लागणारं काही आर्थरपाशी नव्हतं. पण प्रेमात पडलेल्या शहाण्या बाईला मूर्ख न ठरवता विनोद कसा करायचा, हे तिच्याइतकं सातत्याने कुणी करून दाखवलेलं नाही. तिच्या नायिका प्रेमापायी डोकं बाजूला ठेवत नाहीत. चुकल्याचं कळलं की त्या मोकळ्या मनाने मत बदलतात, आणि मग त्या मताला जागतात: बेब भर कोर्टात डीड्सच्या बाजूने उभी राहते, सॉन्डर्स सज्जातून लढते, मेरी जोन्स मालकाशी भिडते. प्रेमाची इतकी प्रौढ आणि इतकी हसरी कल्पना विनोदी चित्रपटाला पुन्हा फार कमी वेळा सुचली. म्हणून हे पाच चित्रपट जुने म्हणून जपण्यासाठी नाही, तर आजही तितकेच उपयोगी पडतात म्हणून पाहावेत.